गॅलिलिओची नोकरी

गॅलिलिओचे नाव घेतले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे दोनच चित्रे उभी राहतात. एक, आकाशाकडे दुर्बीण रोखून बसलेला संशोधक. आणि दुसरे, रोमच्या धर्मन्यायासनापुढे गुडघे टेकून आपलेच मत नाकारणारा वृद्ध. शालेय पुस्तकांतून ही दोन चित्रे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहो. परंतु या दोहोंच्या मध्ये त्याच्या आयुष्यात एक प्रसंग असा आला की जो तुमच्या-आमच्या घरांतील कोणत्याही कर्त्या मुलावर यावा. त्याच्यापुढे एकाच वेळी दोन नोकऱ्या होत्या. जुन्या धन्याने पगार जवळजवळ दुप्पट करून जन्मभराची हमी दिली होती, आणि नवा धनी मान, मोकळा वेळ व स्वदेशी परतण्याची संधी देऊ करीत होता. त्या प्रसंगी त्याने काय तोलले, काय तोलले नाही, व त्याचा परिणाम काय झाला, हे सांगावे एवढाच या अल्प चरित्राचा हेतू आहे.

गॅलिलिओचा जन्म १५ फेब्रुवारी १५६४ रोजी इटलीतील पिसा या नगरात झाला. घराणे मूळचे फ्लॉरेन्सचे, एके काळी प्रतिष्ठित, पण आता ओढगस्तीला लागलेले. पिता व्हिन्सेंझो हा निष्णात वीणावादक व संगीतशास्त्रावर ग्रंथ लिहिणारा विद्वान होता. तथापि विद्वत्तेने घरचा कोठार भरत नाही, हा अनुभव त्यालाही चुकला नाही. मुलाने वैद्य व्हावे म्हणजे घराला बरे दिवस येतील, या विचाराने त्याने १५८१ मध्ये गॅलिलिओला पिसाच्या विद्यापीठात वैद्यकासाठी घातले. तेथे मुलाचे मन वैद्यकात रमेना. ओस्तिलिओ रिच्ची नावाच्या दरबारी गणितज्ञाच्या सहवासाने त्याला भूमितीची गोडी लागली, आणि १५८५ मध्ये कोणतीही पदवी न घेताच तो विद्यापीठातून बाहेर पडला. पदवी नसलेला, खासगी शिकवण्यांवर दिवस काढणारा, अशी त्याची पुढील चार वर्षे गेली. १५८८ मध्ये बोलोन्याच्या विद्यापीठातील गणिताच्या जागेसाठी त्याने खटपट केली, पण ती जागा मॅजिनी नावाच्या ज्योतिर्विदाला मिळाली.

पुढच्याच वर्षी, म्हणजे १५८९ मध्ये, ग्विदोबाल्दो देल मोन्ते या विद्वान सरदाराच्या शिफारशीने त्याला पिसा येथेच गणिताचे अध्यापकपद लाभले. वेतन वर्षाला अवघे ६० स्कुदी. त्या काळी गणित हे विद्यापीठातील गरीब शास्त्र होते. वैद्यक व तत्त्वज्ञान शिकविणाऱ्यांच्या मानाने गणित्याचा मान कमी आणि मुशाहिरा त्याहून कमी. हा भेद गॅलिलिओच्या मनाला किती लागला असेल, हे पुढे त्याने नोकरीच्या अटी ठरविताना काय मागितले त्यावरून कळून येते.

१५९१ मध्ये पित्याचे निधन झाले आणि ज्येष्ठ पुत्र या नात्याने सर्व प्रपंच गॅलिलिओच्या खांद्यांवर आला. बहीण व्हर्जिनिया हिच्या विवाहातील हुंड्याचे हप्ते फेडावयाचे होते. धाकटी बहीण लिव्हिया उपवर होती. तिचा विवाह १६०१ मध्ये झाला व तिच्या हुंड्याची रक्कमही मोठी ठरली. धाकटा बंधू मायकेलअँजेलो हा पित्यासारखाच वादक. आपला वाटा देण्याचे त्याने कबूल केले, परंतु ते पैसे कधी वेळेवर आले नाहीत. हुंडा ही केवळ आपल्याच समाजाची पीडा नव्हे. चारशे वर्षांपूर्वीच्या इटलीतही कर्त्या भावाची कंबर तिने मोडली होती, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

अशा स्थितीत १५९२ मध्ये पादुआच्या विद्यापीठातील गणिताची जागा त्याला मिळाली. मॅजिनी याही जागेसाठी इच्छुक होता. या वेळी मात्र गॅलिलिओची सरशी झाली. पादुआ हे व्हेनिसच्या प्रजासत्ताकाच्या अधिकारातील नगर. वेतन वर्षाला १८० फ्लोरिन ठरले, म्हणजे पिसाहून कितीतरी अधिक. १५९९ मध्ये ते ३२० फ्लोरिन झाले व १६०६ मध्ये ५२०. तरीही खर्च पुरेना. म्हणून तो धनिकांच्या मुलांना घरी ठेवून घेई, त्यांच्या भोजननिवासाचे पैसे घेई, दुर्गरचना व लष्करी गणित यांच्या खासगी शिकवण्या करी. १५९९ मध्ये त्याने एक कुशल कारागीर घरीच ठेवला व स्वतः योजिलेले भौमितिक आणि लष्करी कंपास त्याच्याकडून घडवून विकण्यास आरंभ केला. विद्यापीठातील व्याख्यानांपेक्षा या जोडधंद्यातच त्याचा अधिक काळ जाई. मरीना गांबा या व्हेनिसच्या स्त्रीपासून त्याला दोन कन्या व एक पुत्र अशी तीन अपत्ये झाली. तिच्याशी त्याने विवाह केला नाही. परंतु अपत्यांचा भार त्याने उचलला. वेळ थोडा, माणसे पुष्कळ व देणी त्याहून पुष्कळ, असे हे पादुआचे बिऱ्हाड होते.

आता या नोकरीची दुसरी बाजू पाहू. व्हेनिसचे राज्य कोणा एका राजाचे नव्हते. तेथे उमरावांची सभा राज्य करी, आणि ही सभा आपल्या अधिकारात रोमच्या पोपचाही हस्तक्षेप सहज सोसत नसे. १६०६ मध्ये पोपने सर्व व्हेनिसवर धार्मिक बहिष्कार घातला, तेव्हा त्या राज्याने मान तुकविली नाही. उलट पोपचा पक्ष घेणाऱ्या जेझुइट पंथीयांना राज्याबाहेर घालविले. पुढील वर्षी तडजोड होऊन बहिष्कार उठला, पण जेझुइटांना दारे बंदच राहिली. या झगड्यात राज्याचा सल्लागार असलेला पाओलो सारपी हा गॅलिलिओचा स्नेही होता. जानफ्रान्चेस्को साग्रेदो हा उमराव तर त्याचा जिवलग मित्र. १६०४ मध्ये पादुआतील धर्मन्यायाधिकाऱ्याकडे गॅलिलिओविरुद्ध व त्याचा सहाध्यापक क्रेमोनिनी याच्याविरुद्ध तक्रारी गेल्या होत्या. परंतु व्हेनिसच्या राज्यकर्त्यांनी त्या पुढे सरकू दिल्या नाहीत. वेतनाच्या पावतीत न दिसणारे असे हे संरक्षण होते, आणि ते त्याला फुकट मिळत होते.

१६०४ सालीच मांटुआच्या ड्यूकने त्याला आपल्या पदरी बोलाविले. ड्यूक ३०० डुकाट देऊ करीत होता; गॅलिलिओने ५०० मागितले व बरोबरच्या माणसांचाही खर्च मागितला. सौदा जमला नाही. गॅलिलिओ हा भोळा पंडित नव्हता. आपल्या विद्येचे मोल तो जाणत होता आणि ते मागण्यास लाजत नव्हता, एवढे यावरून दिसते.

त्याची खरी दृष्टी मात्र फ्लॉरेन्सकडे होती. टस्कनीच्या मेदिची घराण्याची ती राजधानी व त्याच्या पूर्वजांची भूमी. १६०५ च्या उन्हाळ्यात त्याने तेथील युवराज कोसिमो याला गणित शिकविले. १६०६ मध्ये कंपासावरील आपले पुस्तक त्यालाच अर्पण केले. १६०९ च्या आरंभी ग्रँड ड्यूक फर्दिनांदो मृत्यू पावला आणि एकोणीस वर्षांच्या आतील हा शिष्य गादीवर आला. शिष्य राजा झाला, तेव्हा गुरूच्या मनात आशा उत्पन्न झाली नसती तरच नवल!

याच १६०९ च्या उन्हाळ्यात हॉलंडमधील एका नळीची वार्ता व्हेनिसला पोहोचली. तिच्यातून पाहिले असता दूरची वस्तू जवळ दिसते, असे लोक सांगत. कोणी एक परदेशी गृहस्थ तशी नळी राज्याला विकावयास आलाही होता. परंतु सारपीच्या सल्ल्याने राज्याने ती घेतली नाही. गॅलिलिओने स्वतः भिंगे घासून काही आठवड्यांतच अधिक चांगली नळी तयार केली. २१ ऑगस्ट १६०९ रोजी त्याने व्हेनिसच्या उमरावांना संत मार्कच्या घंटाघरावर नेऊन तिच्यातून समुद्र दाखविला. नुसत्या डोळ्यांना दिसण्याच्या कितीतरी आधी त्यांना दूरची गलबते दिसू लागली. ज्या राज्याचे वैभव गलबतांवर उभे, त्याला या नळीचे मोल सांगावे लागले नाही. तीन दिवसांनी गॅलिलिओने ती नळी राज्याला नजर केली, आणि लगेच दुसऱ्या दिवशी, २५ ऑगस्ट रोजी, सभेने त्याची नेमणूक तहहयात केली व वेतन १००० फ्लोरिन ठरविले. ५२० वरून एकदम १०००! पादुआच्या गणित्याला असे वेतन पूर्वी मिळाले नव्हते.

परंतु ठरावाच्या शब्दांत दोन खोचा होत्या. पहिली अशी की ही वाढ तत्काळ नव्हती. चालू करार संपल्यावर, म्हणजे वर्षभराने, ती सुरू व्हावयाची होती. दुसरी अशी की यापुढे जन्मात आणखी वाढ होणार नव्हती. शिवाय शिकविण्याचे काम होते तसेच कायम राहणार होते. घरातील विद्यार्थी, शिकवण्या, कंपासाचा कारखाना, यांतून सुटका नव्हती. इकडे दुर्बिणीची कृती गुप्त राहण्यासारखी नव्हती. थोड्याच दिवसांत चष्मे विकणारे तशा नळ्या विकू लागले, आणि आपण फार दिले की काय अशी कुजबूज उमरावांत झाली असल्यास तीही स्वाभाविकच म्हणावी लागेल. पगारवाढीचा कागद हाती आला की बहुतेक जण आकडा वाचून थांबतात. गॅलिलिओने खालच्या अटीही वाचल्या होत्या.

त्या हिवाळ्यात त्याने वीसपट मोठे दाखविणारी दुर्बीण सिद्ध केली व ती आकाशाकडे वळविली. चंद्रावरील डोंगर-दऱ्या त्याला दिसल्या. ७ जानेवारी १६१० च्या रात्री गुरू ग्रहाजवळ तीन तारका एका ओळीत दिसल्या. पुढील काही रात्रींत चौथी आढळली, आणि त्या गुरूभोवती फिरतात अशी त्याची खात्री झाली. सर्व आकाश पृथ्वीभोवतीच फिरते या समजुतीला यामुळे जबर धक्का बसला. मार्च १६१० मध्ये व्हेनिस येथे छापलेल्या एका छोट्या लॅटिन पुस्तकात त्याने हे सर्व प्रसिद्ध केले. आणि त्या चार चंद्रांना नाव काय दिले? मेदिचींचे तारे! पुस्तक व्हेनिसमध्ये छापले, शोध व्हेनिसच्या पगारावर लागले, पण अर्पण झाले फ्लॉरेन्सच्या कोसिमोला. नाव कोणते आवडेल हे त्याने आधी दरबारचा सचिव बेलिसारिओ व्हिंता याच्यामार्फत विचारूनही घेतले होते. नोकरीचा अर्ज अनेकांनी अनेक प्रकारे केला असेल. आकाशातील चार गोलांवर धन्याचे नाव लिहून केलेला अर्ज मात्र हा एकच असावा.

ईस्टरच्या सुटीत तो टस्कनीला गेला व कोसिमोला ते तारे प्रत्यक्ष दाखवून आला. परत आल्यावर मे महिन्यात त्याने व्हिंताला सविस्तर पत्र लिहून आपला हेतू व अटी कळविल्या. हे पत्र प्रत्येक नोकरी शोधणाऱ्याने मनन करावे असे आहे. त्यात वेतनाचा विषय आहे. परंतु भर वेतनावर नाही. व्हेनिसने जेवढे देऊ केले त्याच्या तोडीचे मिळाले तर तो समाधानी होता. त्याने मुख्य मागितला तो वेळ. प्रजासत्ताकाच्या नोकराला सर्व जनतेची सेवा करावी लागते, शिकविण्यातून मोकळीक मिळत नाही. ती मोकळीक एखादा सार्वभौम राजाच देऊ शकतो, असा त्याचा युक्तिवाद होता. लिहावयाचे ग्रंथ मनात साचले होते व वय शेहेचाळीस झाले होते. दुसरी मागणी पदवीची. केवळ गणितज्ञ नव्हे, तर तत्त्वज्ञ हेही पद आपल्या नावापुढे असावे, असा त्याने आग्रह धरला. आपण गणिताला जितके महिने दिले त्याहून अधिक वर्षे तत्त्वज्ञानाला दिली आहेत, असे त्याने कळविले. हा पोकळ मानाचा हव्यास नव्हता. त्या काळी गणित्याने ग्रहांची कोष्टके मांडावीत आणि विश्व खरोखर कसे आहे ते तत्त्वज्ञाने सांगावे, अशी वाटणी होती. सूर्य स्थिर व पृथ्वी फिरते हे कोपर्निकसचे मत सत्य म्हणून सांगावयाचे, तर त्याला तसा अधिकार सांगणारे पद आवश्यक होते.

कोसिमोने सर्व मान्य केले. १५ जून १६१० रोजी गॅलिलिओने पादुआच्या पदाचा राजीनामा दिला आणि १० जुलै रोजी त्याची नवी नेमणूक झाली. पिसाच्या विद्यापीठाचा मुख्य गणितज्ञ, परंतु शिकविण्याचे वा तेथे राहण्याचे बंधन नाही. आणि ग्रँड ड्यूकचा तत्त्वज्ञ व गणितज्ञ. वेतन वर्षाला १००० स्कुदी. सप्टेंबरात तो फ्लॉरेन्सला पोहोचला. दोन्ही कन्या त्याच्याकडे आल्या. लहान पुत्र काही काळ आईपाशी पादुआतच राहिला.

आता दोन्ही पारडी आपण शांतपणे तोलून पाहू. व्हेनिसच्या पारड्यात होते तहहयात पद, दुप्पट वेतन, अठरा वर्षांचे स्नेही व एका बलाढ्य राज्याचे कवच. परंतु शिकविण्याचे जोखड कायम. फ्लॉरेन्सच्या पारड्यात होता वेळ, पद, मान, मायभूमी व शिष्याचे प्रेम. परंतु सर्व काही एका व्यक्तीच्या मर्जीवर व आयुष्यावर अवलंबून. नुसत्या आकड्यांचा प्रश्न असता तर दोन्ही पारडी समानच होती. विद्याव्यासंगी मनुष्याने वेळेला पैशाहून मोठे मानले, यात त्याला दोष देता येणार नाही.

व्हेनिसचे उमराव मात्र दुखावले. ज्याला आजन्म आश्रय दिला, तो वाढीव वेतन सुरू होण्यापूर्वीच निघून गेला, हे त्यांना रुचणे शक्य नव्हते. साग्रेदो त्या काळी राज्याचा वकील म्हणून सीरियातील अलेप्पो येथे होता. परत येऊन पाहतो तो मित्र निघून गेलेला! ऑगस्ट १६११ मध्ये त्याने गॅलिलिओला जे पत्र लिहिले ते खऱ्या मित्राचे होते. व्हेनिसमध्ये तुझ्यावर कोणाची हुकमत नव्हती, हे त्याने स्मरण करून दिले. तुझा तरुण राजा आज गुणी आहे, परंतु दरबारातील मत्सराचे वारे उद्या कोणीकडे फिरतील हे कोणी सांगावे, असा प्रश्न त्याने केला. आणि ज्या ठिकाणी जेझुइटांच्या मित्रांचे वजन मोठे, तेथे तू जाऊन राहिलास याची आपल्याला चिंता वाटते, हेही लपविले नाही. हा सल्ला सोन्याचा होता. दुर्दैव इतकेच की तो वर्षभर उशिरा आला. निर्णयाच्या वेळी हा मित्र समुद्रापार होता.

प्रथम प्रथम साग्रेदोची चिंता व्यर्थ ठरली असेच वाटले. त्याच शरद ऋतूत गॅलिलिओने शुक्राच्या कला पाहिल्या. १६११ मध्ये रोमला त्याचा सत्कार झाला, आणि जेझुइटांच्या महाविद्यालयातील ज्योतिर्विदांनीही त्याची निरीक्षणे खरी असल्याचे मान्य केले. १६१३ मध्ये सूर्यावरील डागांविषयीचे त्याचे पुस्तक निघाले. मागितलेला वेळ त्याने वाया घालविला नाही, हे निर्विवाद आहे.

परंतु १६१६ मध्ये रोमने कोपर्निकसचे मत धर्मविरुद्ध ठरविले व कार्डिनल बेलार्मिनने गॅलिलिओला बोलावून ते मत सोडण्याची समज दिली. १६२० मध्ये साग्रेदो वारला. १६२१ मध्ये कोसिमो अवघ्या तीस वर्षांच्या वयात मृत्यू पावला. ज्या शिष्याच्या भरवशावर सर्व मांडणी केली होती, तो गुरूच्या आधीच गेला! गादीवर दहा वर्षांचा फर्दिनांदो दुसरा आला आणि कारभार त्याची आई व आजी या दोन धर्मनिष्ठ स्त्रियांच्या हाती गेला.

१६३२ मध्ये गॅलिलिओचा विश्वरचनेवरील संवादग्रंथ फ्लॉरेन्सला प्रसिद्ध झाला आणि वादळ फुटले. एके काळी त्याच्याविषयी आदर बाळगणारा पोप आठवा अर्बन कोपला व त्याला रोमला हजर होण्याची आज्ञा झाली. वय अडुसष्ट, देह रोगजर्जर. वैद्यांनी प्रकृतीचा दाखला दिला. तो रोमने मानला नाही. तरुण ग्रँड ड्यूकने काय केले? प्रवासासाठी पालखी दिली व जाण्याचा सल्ला दिला. पोपशी झगडण्याची त्याची ना शक्ती होती ना इच्छा. रोममधील टस्कनीचा वकील निकोलिनी याने गॅलिलिओला आपल्या घरी प्रेमाने ठेवून घेतले. परंतु पहिल्या महिन्यानंतरचा खर्च सरकार देणार नाही, असे फ्लॉरेन्सहून कळले, तेव्हा त्या सज्जनाने तो स्वतः सोसला. दरबारचा मुख्य तत्त्वज्ञ संकटात असता त्याच्या जेवणखर्चाचा हिशेब व्हावा, याहून दरबारी नोकरीचे खरे स्वरूप दुसरे कोणते सांगावे? २२ जून १६३३ रोजी गॅलिलिओला गुडघे टेकून आपले मत त्यागावे लागले. उर्वरित आयुष्य फ्लॉरेन्सजवळील आर्चेत्री येथे आपल्याच घरात नजरकैदेत गेले.

इकडे पादुआत राहिलेल्या क्रेमोनिनीचे काय झाले, हे पाहिले म्हणजे मन थक्क होते. दुर्बिणीतून पाहण्यासही त्याने नकार दिला होता. विद्येच्या दृष्टीने गॅलिलिओपुढे तो कोठेच उभा राहत नाही. परंतु त्याच्या मतांविरुद्धही रोममध्ये वारंवार चौकशा निघाल्या, आणि व्हेनिसच्या राज्याने त्याला कधीही रोमच्या हवाली केले नाही. १६३१ मध्ये तो पादुआतच, आपल्या पदावरील मानासह, मृत्यू पावला.

मग गॅलिलिओ पादुआत राहता तर वाचला असता काय? असे ठामपणे म्हणणे योग्य होणार नाही. जोर्दानो ब्रूनो या तत्त्वज्ञाला याच व्हेनिसमध्ये १५९२ मध्ये पकडण्यात आले, पुढील वर्षी याच राज्याने त्याला रोमच्या स्वाधीन केले व १६०० मध्ये तो जिवंत जाळला गेला. ब्रूनो परका होता व गॅलिलिओ राज्याचा मानकरी झाला असता, हा भेद आहे. तथापि कोणतेही कवच अभेद्य नसते. शिवाय शिकवण्यांच्या धबडग्यात ते मोठे ग्रंथ त्याच्या हातून झाले असते की नाही, हेही सांगता येत नाही. मेदिचींनी त्याला वाचविले नाही. पण त्याचे पद त्यांनी काढून घेतले नाही, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. त्याच्या मृत्यूनंतर ती जागा टॉरिचेलीला मिळाली.

आता त्या वृद्धाचे शेवटचे दिवस. एप्रिल १६३४ मध्ये त्याची थोरली कन्या, जी जोगीण होऊन जवळच्याच मठात राहत होती व जी त्याचा मोठा आधार होती, ती निवर्तली. पुढे दृष्टीही गेली. ज्या डोळ्यांनी गुरूचे चंद्र प्रथम पाहिले त्यांनाच अंधार आला. तरी त्याने काम सोडले नाही. गतिशास्त्रावरील त्याचा श्रेष्ठ ग्रंथ १६३८ मध्ये हॉलंडमधील लायडन येथे छापला गेला. त्या ग्रंथाचा आरंभ कोठून होतो? व्हेनिसच्या गलबतांच्या कारखान्यापासून! त्यात बोलणाऱ्यांपैकी एक आहे साग्रेदो, जो मरून अठरा वर्षे झाली होती. आणि त्यातील गतीविषयक पुष्कळसे संशोधनही त्याच शिकवण्यांच्या, देण्यांच्या व गर्दीच्या काळात पादुआत झालेले होते. मृत्यूपूर्वी दोनएक वर्षे एका स्नेह्याला लिहिताना, पादुआतील अठरा वर्षे ही आपल्या आयुष्यातील सर्वोत्तम वर्षे होती, असे त्याने नमूद केले. ८ जानेवारी १६४२ रोजी त्याचे देहावसान झाले. पोपच्या भीतीने फ्लॉरेन्सला त्याचे स्मारकही तेव्हा उभारता आले नाही. १७३७ मध्ये त्याच्या अस्थी सांता क्रोचे मंदिरातील योग्य स्थानी नेण्यात आल्या. १९९२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्या काळच्या न्यायाधीशांची चूक झाल्याचे मान्य केले.

आपल्या ज्ञातीतील पुष्कळ मुले-मुली आज शिकून पुण्या-मुंबईस, बंगळूर-हैदराबादेस व परदेशीही नोकऱ्या करीत आहेत. एका ठिकाणचा राजीनामा दिला की जुना धनी पगार वाढवितो, दुसरा त्याहून वाढवितो, आणि दोन दिवसांत निर्णय मागतो. घरातील वडील माणसे आकडा विचारतात, व मोठा आकडा तो चांगला असे म्हणून मोकळी होतात. गॅलिलिओने आकड्याच्या पलीकडे पाहिले, ही त्याची थोरवी. पगारवाढ कोणत्या तारखेपासून व कोणत्या अटीवर, हे त्याने वाचले. आपल्याला खरोखर काय हवे आहे हे ओळखले व ते स्पष्ट शब्दांत मागून घेतले. एवढे जरी आपल्या तरुणांनी त्याच्यापासून घेतले तरी पुष्कळ झाले.

परंतु त्याच्या हिशेबातून एक रकाना राहून गेला, तो आपण भरावा. आपल्यावर किटाळ आले, प्रकृती ढासळली, वरचा अधिकारी बदलला, तर या ठिकाणी आपल्या पाठीशी कोण उभे राहील, आणि उभे राहण्याचे सामर्थ्य त्याच्यात आहे काय? आपल्याला बोलावणारा मनुष्य कितीही प्रेमळ असो, तो गेल्यावर ती जागा कशी असेल? आणि आज जे आपल्याला न मागता मिळत आहे, त्याची किंमत आपण कधी केली आहे काय? हे प्रश्न निर्णयापूर्वी विचारावेत, व आपला जो कोणी साग्रेदो असेल त्याला निर्णयापूर्वी विचारावेत. पत्र अलेप्पोहून येण्याची वाट पाहण्याचे आता कारण उरलेले नाही.